ड्रिलरकाका

लोणावळ्याच्या वलवणात जमिनीला भोक पडणार असेल, तर ते ड्रिलरकाकांच्या देखरेखीखाली पडतं. बंगल्याचं बोअर असो, नगरपालिकेचा दिव्याचा खांब असो, नाहीतर गणपतीच्या मांडवाचा बांबू असो, काकांना कुठून तरी वास लागतो आणि ते हजर होतात. पहारीनं खड्डा खणणाऱ्या पोराला विचारतात, "किती गेलास?"

"दीड फूट, काका."

"चुरा दाखव."

पोरगं मूठभर माती त्यांच्या हातावर घालतं. काका चष्मा कपाळावर चढवतात, माती बोटांत चुरतात, हुंगतात, आणि एकदा तर मी त्यांना ती जिभेवर ठेवतानाही पाहिलं आहे. मग निकाल येतो, "मुरूम." वलवणात दीड फुटावर मुरूमच लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण काका ते वहीत लिहून घेतात. वेळ, खोली, थर आणि खाली सही.

निवृत्त माणूस आपलं खातं घरी घेऊन येतो, यात नवीन काही नाही. पोस्टातून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी लग्नपत्रिकेवर वधूवरांच्या नावाआधी पिनकोड तपासतात. रेल्वेतले तर लोणावळ्यात पोत्यानं सापडतील. घाट चढून आलेल्या गाडीचा आवाज ऐकूनच ती किती मिनिटं लेट आहे ते सांगतात. पण रेल्वे निदान गावातून जाते. ड्रिलरकाकांचं खातं तेलाचं, आणि वलवणात तेल दिसतं ते फक्त वडापावच्या कढईत.

काका मूळचे इथलेच. वडील टाटांच्या धरणावर कामाला होते. वलवणच्या तळ्याचं पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात पडतं आणि मुंबईचे दिवे लागतात. ते वीजघर १९१५ सालचं. वरचं पाणी खाली सोडण्यात बापाची हयात गेली. मुलानं मॅट्रिक होऊन फिटरचं शिक्षण घेतलं आणि १९५९ साली जाहिरात वाचून थेट खंबायत गाठलं. तेल आणि नैसर्गिक वायू आयोग स्थापन होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती, आणि खंबायतजवळच्या लुणेजला १९५८ साली तेल लागलं होतं. आसामात दिग्बोईला तेल निघत होतं ते १८८९ पासून, पण तो साहेबाचा कारभार. स्वतंत्र देशाच्या सरकारी खात्याला लागलेलं पहिलं तेल ते लुणेजचं.

इथे काका दर वेळी थांबतात आणि विचारतात, "लुणेज कुठल्या राज्यात?"

"गुजरात."

"चूक. मुंबई राज्य! द्विभाषिक! राजधानी मुंबई! म्हणजे तेल आपल्या राज्यात लागलं होतं." मग आवाज खाली येतो. "आणि अंकलेश्वरला कधी लागलं? १४ मे १९६०. नेहरूंनी त्या विहिरीला वसुधारा नाव दिलं. महाराष्ट्र कधी झाला? १ मे. तेरा दिवस, फक्त तेरा दिवस उशीर झाला." संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याबद्दल काकांना अतोनात आदर आहे. त्या लढ्यानं एक पंधरवडा थांबायला हवं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

विहीर खणणाऱ्या यंत्रावर, म्हणजे रिगवर, ते आधी रिगमन म्हणून लागले, मग टॉपमन झाले आणि शेवटी ड्रिलर. टॉपमन म्हणजे मनोऱ्याच्या वरच्या फळीवर उभं राहून पाइपाची टोकं पकडणारा माणूस. खाली पाहायचं नाही, वर पाहायचं नाही, फक्त येणारा पाइप पाहायचा. ड्रिलर म्हणजे खाली ब्रेकपाशी उभा राहणारा. डाव्या हाताच्या करंगळीचं एक पेर त्यांनी एका रिगवर ठेवलं. पाइप एकमेकांत झटपट आवळायला तेव्हा साखळी वापरत. ती पाइपाभोवती फेकायची, गुंडाळायची आणि जोरात ओढायची. ओढताना बोट कुठे आहे याचं भान ठेवायचं. त्या काळच्या रिगवाल्यांशी हात मिळवताना पाच बोटं मोजून घ्यावीत, असं काका म्हणतात.

रिग रशियन आणि रुमानियन, तज्ज्ञही तिकडचेच. दुभाषी असायचा, पण रात्रपाळीला तो झोपलेला असायचा. त्यामुळे काकांची रशियन भाषा दोन शब्दांची आहे आणि ती त्यांना आयुष्यभर पुरली. वर घ्या म्हणजे 'वीरा' आणि खाली सोडा म्हणजे 'मायना'. गच्चीवर पाण्याची टाकी चढवताना, खिडकीचा पडदा लावताना, नातवाला झोक्यावर बसवताना काका याच दोन शब्दांत हुकूम सोडतात. गल्लीतल्या पोरांनाही आता ते पाठ झालेत. गेल्या वर्षी दहीहंडीला थर रचताना कोणीतरी खालून "वीरा, वीरा!" ओरडलं, आणि पाहायला आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांना वाटलं, वलवणात पंजाबी वस्ती वाढली.

काकांशी बोलताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे त्यांचं उत्तर लगेच येत नाही. विहीर दीड हजार मीटर खोल असली की तळाशी बिटनं, म्हणजे खोदणाऱ्या टोकानं, कुरतडलेला खडक विहिरीत सोडलेल्या चिखलाबरोबर वर यायला पाऊण-एक तास लागतो. म्हणजे आत्ता चाळणीवर जो चुरा दिसतो तो आत्ताचा नसतो, मघाचा असतो. ड्रिलरला तळ कधीच दिसत नाही. वजनाचा काटा, पंपाचा दाब, ब्रेकच्या दांड्यातून हाताला येणारी थरथर आणि हा उशिरा येणारा चुरा, एवढ्यावर त्याला खालचं जग ओळखावं लागतं. अशी पस्तीस-चाळीस वर्षं काढल्यावर काकांचा ताज्या बातमीवरचा विश्वासच उडाला. "काय काका, बरं आहे ना?" असं सकाळी विचारलं, तर ते नुसतं बघतात. संध्याकाळी दूध आणायला जाताना दारात उभे राहून सांगतात, "बरं आहे." निवडणुकीचा निकाल, मुलाची नोकरी, शेजारणीचं भांडण, कशावरही त्यांचं मत मागा, ते म्हणतात, "वर येऊ दे."

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची गोष्ट अध्येमध्ये तोडायची नाही. बिट बोथट झालं की ते बदलायला अख्खी पाइपाची माळ बाहेर काढावी लागते. एकेक पाइप साधारण नऊ मीटरचा. तीन-तीन एकत्र काढायचे, सोडवायचे, मनोऱ्यात उभे करायचे. दोन हजार मीटरची विहीर असली तर असे सत्तर-पंच्याहत्तर वेळा. मग नवं बिट लावायचं आणि तेवढेच पाइप परत जोडत खाली जायचं. यात एक अख्खी पाळी जाते आणि विहीर एक इंचही पुढे सरकत नाही. काकांची गोष्ट अगदी याच पद्धतीनं चालते. ऐन रंगात आलेली असताना काकू आतून म्हणतात, "अहो, तो रशियन नव्हता, रुमानियन होता." झालं! काका गोष्ट तिथेच थांबवतात, तळापासून सगळी बाहेर काढतात, रशियनाच्या जागी रुमानियन बसवतात, आणि परत खंबायत स्टेशनावर उतरल्यापासून सुरुवात करतात.

काकूंची मात्र शर्थ. चिखल हा काकांचा जिव्हाळ्याचा विषय, आणि त्याचा ताप स्वयंपाकघराला. विहिरीत चिखल लागतो कशाला, असं मी एकदा विचारलं. (उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं.) बिट तापतं, त्याला थंड ठेवतो चिखल. चुरा वर आणतो चिखल. विहिरीच्या भिंती ढासळू नयेत म्हणून त्यांना लेप देतो चिखल. आणि खालच्या वायूला, तेलाला आपल्या वजनानं दाबून धरतो तोही चिखलच. बेंटोनाइट नावाची माती घालून तो दाट करायचा, बराइट घालून जड करायचा. दाटपणा मोजायला एक ठरावीक मापाचं नरसाळं असतं. त्यातून पाव गॅलन साधं पाणी २६ सेकंदांत उतरतं, आणि चिखलाला त्याहून जितका जास्त वेळ लागेल तितका तो दाट. तसलं एक नरसाळं काकांच्या घरी आहे. निवृत्तीच्या वेळी कुणी भेट दिलं की त्यांनी स्वतः पत्र्याचं करून घेतलं, यावर पतिपत्नींमध्ये मतभेद आहेत. काकूंची कढी त्यातून उतरल्याशिवाय ताटात येत नसे. "अडतीस," काका घड्याळाकडे बघत म्हणत, "कालची पंचेचाळीस होती." हे काकूंनी किती वर्षं चालवून घेतलं माहीत नाही. पण एके दिवशी त्यांनी त्या नरसाळ्यात पिठलं ओतलं आणि म्हणाल्या, "आता मोजा." ते पिठलं अजून उतरायचं आहे, असं वलवणात सांगतात. तेव्हापासून नरसाळं माळ्यावर आहे.

एक्स्प्रेस वे झाला आणि वलवणात मुंबईकरांचे बंगले उगवू लागले. ड्रिलरकाकांचे सोन्याचे दिवस तेव्हापासून सुरू झाले. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, बंगल्यांची कौलं शेवाळतात, गाद्यांना बुरशी येते, आणि एप्रिल-मे महिन्यात त्याच बंगल्यांवर टँकर येतो. काळ्या पाषाणावर पडलेलं पाणी मुरत नाही, पळतं. कुठे भेग असेल, कुठे दोन थरांमधला सच्छिद्र मांजऱ्या खडक असेल, तिथे तेवढं थांबतं. ही भेग नेमकी कुठे आहे हे वरून दिसत नाही, म्हणून प्रत्येक बंगलेवाला एक ना एक दिवस बोअर मारायला निघतो.

बोअरची गाडी बहुधा तमिळनाडूची असते, तिरुचेंगोडच्या बाजूची. पोरं विशी-पंचविशीतली, रात्रभर काम करणारी. गाडीचे जॅक जमिनीला टेकायच्या आत काका खुर्ची घेऊन पोचलेले असतात. पहिल्या वेळी त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "मड पंप कुठाय?" पोरांनी कॉम्प्रेसरकडे बोट दाखवलं. चिखल नाहीच! नुसती हवा! खाली सोडलेला हातोडा हवेच्या दाबानं धडधड आपटतो, पाषाणाचं पीठ करतो, आणि तीच हवा ते पीठ वर उडवते. काकांनी दोन्ही हात डोक्याला लावले. चिखलाशिवाय विहीर खणणं त्यांच्या लेखी अधर्म होता. शिवाय हवेबरोबर चुरा क्षणात वर येतो, त्याला तासभर लागत नाही. बातमी ताजी, म्हणजे विश्वास ठेवण्याजोगी नाही.

पण माणूस जातीचा ड्रिलर. मध्यरात्रीपर्यंत तो हातोडा ऐकत बसला, आणि मग त्याच्यातला मास्तर जागा झाला. मराठी, हिंदी, गुजराती आणि ते दोन रशियन शब्द एकत्र करून त्यांनी त्या तमिळ पोरांना खोदाईचा इतिहास सांगितला. मी तिथे होतो, म्हणून थोडक्यात देतो; काकांनी तो पहाटेपर्यंत पुरवला.

जुनी पद्धत आपटण्याची. दोराला जड छिन्नी बांधायची, लाकडी तुळईनं ती वर उचलायची आणि सोडायची. दर थोड्या वेळानं दोर बाहेर काढून, तळाला झडप असलेलं नळकांडं सोडून चुरा उपसायचा. अमेरिकेत १८५९ साली ड्रेकनं पेनसिल्व्हेनियात तेल काढलं ते असंच, आणि खोली किती? साडेएकोणसत्तर फूट! (इथे काका नेहमी खो खो हसतात. वलवणात एवढ्या खोलीवर चूळ भरायलाही पाणी लागत नाही.) नवी पद्धत फिरवण्याची. मनोऱ्याखाली एक गोल तबक फिरतं, त्यात चौकोनी पाइप अडकवलेला, त्याच्याबरोबर खालची सगळी माळ फिरते आणि टोकाला बिट. १९०१ साली टेक्सासात स्पिंडलटॉपला या पद्धतीनं तेलाचा असा फवारा उडाला की आपटणारे मागे पडले. मग बिटाला दातेरी शंकू आले, आधी दोन, पुढे १९३३ मध्ये तीन. रशियनांनी आणखी वेगळाच उद्योग केला. दीड-दोन किलोमीटरची माळ वरून फिरवायची तर अर्धी ताकद वाटेतच जाते. मग माळ स्थिर ठेवू, चिखलाच्या जोरावर फिरणारं टर्बाइन खाली बिटापाशीच बसवू! पन्नासच्या दशकात रशियातली बहुतेक खोदाई या टर्बोड्रिलनं चालायची.

एवढं सांगून काका थांबले. धडधडणाऱ्या हातोड्याकडे त्यांनी टक लावून पाहिलं. ताकद खाली, टोकापाशी. आपटणंही आहे आणि फिरणंही आहे. "अरे," ते म्हणाले, "हा आमच्या टर्बोड्रिलचाच गरीब भाऊ!" त्या क्षणी हवेला धर्मात प्रवेश मिळाला. पोरांना यातलं किती कळलं देव जाणे, पण ती त्यांना 'तात्ता' म्हणू लागली. त्यांच्या भाषेत तात्ता म्हणजे आजोबा. पुढे गाडी लोणावळ्यात दुसरीकडे जरी आली, तरी पोरं वलवणला वळून तात्तांना नमस्कार करून जात.

काकांचा खरा वैरी एकच, पाणाड्या. हातावर नारळ ठेवून तो शेतातून फिरतो, नारळ उभा राहिला की पाय आपटून "इथं मारा" सांगतो. एका बंगल्यावर दोघांची गाठ पडली. पाणाड्याचा नारळ वायव्येला आंब्याखाली उभा राहिला. काकांनी ओढ्याची दिशा, डोंगराची भेग, शेजारच्या विहिरींच्या पातळ्या असं सगळं पाहून, वहीत आकृती काढून आग्नेयेचा कोपरा दिला. मालक गुजराती व्यापारी, त्यांना कोणाचंच मन मोडवेना. त्यांनी दोन्ही ठिकाणी बोअर घेतलं. आंब्याखाली तीनशे फूट नुसती धूळ उडाली. आग्नेयेलाही तीनशे फूट, धूळ जरा बारीक. परत जाताना गाडी फाटकाशी मऊ मातीत रुतली, काही केल्या हलेना. वैतागलेल्या पोरांनी आहे तिथेच हातोडा सोडला, आणि एकशे साठ फुटांवर भळभळून पाणी लागलं. पाणाड्या म्हणाला, नारळ मुळात तिकडेच झुकत होता. काका म्हणाले, "वर येऊ दे." पाणी तर वर आलेलंच होतं, पण त्यांनी ते वहीत तिसऱ्या दिवशी लिहिलं.

हे सगळं मी हसत हसतच सांगतो, पण काकांच्या वागण्यातली मेख मला बऱ्याच उशिरा कळली. खंबायत, अंकलेश्वरच्या विहिरी कशातून जातात? गाळातून. समुद्रानं आणि नद्यांनी आणून टाकलेली चिकणमाती, वाळू, शेल. तेल त्यातल्या वाळूच्या थरांत. आणि त्या सगळ्या गाळाच्या बुडाशी काय आहे? बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तोच काळा पाषाण, जो इथे राजमाची-लोहगडापर्यंत डोंगर होऊन उभा आहे. तिथे त्याला नुसतं 'ट्रॅप' म्हणतात. बिट ट्रॅपला टेकलं की गाळ संपला, तेलाची आशा संपली, विहीर संपली. वरून हुकूम येई, ट्रॅप लागला, थांबा. म्हणजे काकांचं शिक्षण जिथे संपायचं, तिथून वलवणची जमीन सुरू होते. हा माणूस ज्या दगडावर जन्मला, त्या दगडात त्यानं उभ्या नोकरीत मुद्दाम भोक पाडलेलं नाही. त्यामुळे इथल्या प्रत्येक बोअरपाशी ते उस्ताद म्हणून खुर्ची टाकतात आणि विद्यार्थी म्हणून बसतात. पोरांना शिकवतात ते तोंडानं. कान सगळा वेळ हातोड्याकडे.

फुशारकी मात्र त्यांनी स्वतःची कधी मारली नाही, मारली ती यंत्रांची. तेल कुणी शोधलं, तर भूगर्भवाल्यांनी. १९७४ च्या फेब्रुवारीत समुद्रात सागर सम्राट या रिगनं मुंबई हायचं तेल शोधलं, तेव्हा सगळा देश नाचला. काका अंकलेश्वरला ब्रेकपाशी होते आणि त्यांची पाळी होती. सिनेमात तेलाचा फवारा आभाळात उडतो, नायक त्यात न्हाऊन निघतो, हे दृश्य टीव्हीवर लागलं की काका उठून जातात. फवारा उडाला म्हणजे ड्रिलर नापास! चिखलाचं वजन कमी पडलं, खालून धक्का आला तो ओळखला नाही, विहिरीच्या तोंडावरची झाकणं वेळेवर मिटली नाहीत. धक्का ओळखायची खूण म्हणजे हौदातला चिखल आपोआप वाढायला लागतो. आमच्या सोसायटीच्या सभेत एकदा पार्किंगवरून मागच्या रांगेत कुजबुज वाढत चालली. काका मधेच उठले, म्हणाले, "हौद भरतोय," आणि सभा तहकूब करून हॉलचे दिवे मालवले. त्या दिवशी हाणामारी झाली नाही, हे मी नमूद करतो. अध्यक्ष काका नव्हते, हेही नमूद करायला हवं.

संसाराबद्दलची त्यांची शिकवण ब्रेकच्या दांड्यातून आलेली. पाइपांच्या माळेचं वजन टनावारी असतं. ते सगळं बिटावर टाकायचं नसतं. बहुतेक वजन वर मनोऱ्याला टांगलेलं ठेवायचं आणि थोडंसंच खाली टेकवायचं. घाई करून जास्त टेकवलं की विहीर वाकडी जाते, आणि वाकडी विहीर नंतर सरळ होत नाही. गावात दहावीच्या मुलाला तीन-तीन क्लास लावलेले दिसले की काका त्याच्या बापाला रस्त्यात अडवतात. "बिटावर वजन जास्त पडतंय," म्हणतात. बापांना वाटतं, म्हातारा दप्तराबद्दल बोलतोय.

त्यांचा सर्वात मोठा पराक्रम मात्र शोधण्याचा नाही, हरवलेलं काढण्याचा आहे. तुंगार्लीच्या बाजूच्या एका बंगल्यात पंपाचा दोर तुटला आणि मोटार एकशे ऐंशी फुटांवर जाऊन बसली. मेकॅनिक म्हणाला, सोडून द्या, नवीन बोअर मारा. काकांच्या डोळ्यांत चमक आली. विहिरीत तुटून पडलेल्या वस्तूला तेलवाले 'फिश' म्हणतात, आणि ती काढण्याला फिशिंग. त्यात घाईला जागा नाही. आधी माशाचं डोकं कसं आहे ते समजून घ्यायचं. काकांनी एका पत्र्याच्या डब्यात अंगाचा साबण वितळवून भरला, डबा उलटा करून दोरानं खाली सोडला, टेकला तसा हलका दाब देऊन वर घेतला. साबणावर अर्धचंद्र उमटला होता. म्हणजे पाइपाचं तोंड एका बाजूला भिंतीला टेकून कललेलं आहे. ते चंद्राचं चित्र काकांनी वहीत उतरवलं, नांगरगावच्या वर्कशॉपमधून तोंडाशी तिरका ओठ आणि आत उलटे दात असलेली एक नळी बनवून घेतली, घोडा उभा केला, चेनकप्पी लावली.

मग नुसतं बसणं. काका दोरावर हात ठेवून होते, डोळे मिटलेले. माळी, वॉचमन, मेकॅनिक, मालकाचा ड्रायव्हर सगळे गोळा झालेले. नळी फिरत फिरत खाली गेली, अडली, सुटली, परत अडली. दुपार गेली. काकू डबा घेऊन आल्या आणि डबा हातात धरूनच उभ्या राहिल्या. संध्याकाळी काका पुटपुटले, "वजन घेतलं." आणि मग आवाज चढला, "वीरा! … वीरा! … मायना, मायना, थोडं! … वीरा!" अंधार पडताना चिखलानं माखलेली मोटार वर आली. मालकांनी पाकीट पुढे केलं, काकांनी वही पुढे केली. मालकांनी सही केली. तुंगार्लीचा तो बंगला त्या वहीत 'विहीर क्रमांक १' म्हणून नोंदलेला आहे.

२०१७ साली पेपरात बातमी आली. १९६७ च्या भूकंपाच्या कोयनेत शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल विहीर घेतली. तेलासाठी नाही, पाण्यासाठीही नाही, भूकंप जिथे होतो तिथला खडक तपासायला. सुमारे सव्वा किलोमीटर बसाल्ट कापून खाली ग्रॅनाइटमध्ये गेले. काकांनी बातमी कापून वहीत चिकटवली आणि दोन दिवसांनी तिच्याखाली लिहिलं, "ट्रॅप लागला. थांबले नाहीत. शाब्बास."

वलवणच्या खाली तेल आहे का, हे मी त्यांना गेल्या पावसाळ्यात विचारलं आहे. उत्तर अजून वर आलेलं नाही.

तोवर इथे बंगला असलेल्यांना आणि बांधू पाहणाऱ्यांना एक विनंती. बोअरमध्ये मोटार सोडताना दोर जाड घ्या, जोड तपासा, गाठ दोनदा मारा. ड्रिलरकाका आता शहाऐंशीचे आहेत. तुमची मोटार पडली तर बोलवायच्या आधीच ते येतील, साबणाचा डबा घेऊन दिवसभर उन्हात बसतील, आणि काकू बोलतील त्या मला.